उणे तिसातलं गॅरेज

पहाटे साडेपाच

रेडिओवर उणे एकतीस सांगितलं, आणि वाऱ्यासकट उणे चव्वेचाळीस. आजचा पहिला वाद तिथेच ठरला. दुपारपर्यंत कोणीतरी गिऱ्हाईक येणार आणि म्हणणार, "चव्वेचाळीसमध्ये उभी होती, म्हणून उठली नाही." गाडीला वारा बोचत नाही. वाऱ्याने ती लवकर गार होते, इतकंच. हवा उणे एकतीस असेल तर लोखंडही उणे एकतीसवर येऊन थांबतं, त्याखाली जात नाही. चव्वेचाळीस हा माणसाच्या उघड्या कातडीचा हिशोब आहे. पण गिऱ्हाइकाला मोठा आकडा आवडतो, आणि जानेवारीत मॅनिटोबात राहणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क मान्य करावा लागतो.

मी मूळचा सांगलीचा. आता कॅनडात, विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावर, गिमली गावाजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री आहे. आमच्याकडे येतात त्या एटीव्ही: चार फुगीर चाकं, मोटारसायकलचं हँडल, अंगठ्याने दाबायचा ऍक्सिलरेटर. इथे तिला क्वॉड म्हणतात. उन्हाळ्यात ती शेतकऱ्यांची आणि शिकाऱ्यांची, हिवाळ्यात अंगणातला बर्फ ढकलणाऱ्यांची आणि गोठलेल्या सरोवरावर मासे धरणाऱ्यांची. बंद पडते ती मुख्यतः हिवाळ्यात.

माझी स्वतःची पिकअप रात्रभर भिंतीतल्या प्लगला जोडलेली असते. इंजिनाच्या कूलंटमध्ये एक हीटर बसवलेला असतो, त्याची वायर जाळीतून बाहेर लोंबते. विनिपेगमध्ये सोसायट्यांच्या पार्किंगमध्येही असे प्लग रांगेने असतात. भारतातून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी हमखास म्हणतो, "अरे वा, सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या!"

सव्वासहा

सांगलीत आता संध्याकाळचे पावणेसहा. अप्पा गॅरेजचं शटर अर्धं ओढून फोन करतात.

"किती आज?"

"उणे एकतीस."

"आरं तिच्या. आन् तसल्यात गाडी उठती कशी?"

"उठवायला लागते, अप्पा. तुम्ही पुरातल्या उठवल्या तशाच."

ते हसतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी मारुती चौक, हरभट रोड ओलांडून आत शिरलं, आणि ओसरल्यावर अप्पांच्या दारात बुडालेल्या दुचाक्यांची ही रांग लागली. मालक लोक उतावीळ. कोणी आधीच सेल्फ मारून पाहिलेला, कोणी किक मारमारून. अप्पा एकेकाला ओरडत होते, हात लावू नका म्हणून. आधी ऑइल सोडायचं, प्लग काढायचा, कार्ब्युरेटर खोलायचा, सगळं उन्हात ठेवायचं, आणि मग बघायचं. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो. कॅनडात येताना वाटलं होतं, त्या कामाचा इथे काय उपयोग? इथे तर पाणी सहा महिने दगड होऊन पडलेलं. उपयोग रोज होतो. थंडीने बिघडलेली म्हणून जी गाडी माझ्याकडे येते, ती खोलली की आत बहुतेक वेळा पाणीच सापडतं.

सात

गॅरेजला दोन भाग. बाहेरची शेड थंड, आतली खोली वीस अंशांवर. काल संध्याकाळी आत घेतलेली क्वॉड रात्रभर गळत होती. खाली तळं झालंय, मडगार्डच्या आतला बर्फ अजून पुरता सुटलेला नाही. उणे तीसमधली गाडी उबदार खोलीत आणली की हवेतला ओलावा तिच्या प्रत्येक थंड भागावर धरतो. इंजिनाला बाहेरून घाम, एअर बॉक्सला आतून घाम, टाकीत पेट्रोल कमी असेल तर टाकीच्या भिंतींनाही घाम. म्हणून आमच्या गॅरेजच्या मालकांचा नियम कडक आहे: गाडी आत घेतली तर खडखडीत कोरडी होईपर्यंत बाहेर काढायची नाही, आणि तेवढा वेळ नसेल तर आत घ्यायचीच नाही. अर्धवट उबेला ते शिवी देतात, आइसलँडिक भाषेत. त्यांचे पूर्वज १८७५ साली आइसलँडहून या काठावर उतरले. शिव्या अजून टिकून आहेत.

मी हवेच्या पाइपने ब्रेकचे कॅलिपर, वायरींचे जोड, कंट्रोल केबलींची तोंडं फुंकून काढतो. काम दिसायला हलकं, पण हे सोडलं तर पुढचं सगळं वाया जातं.

आठ

उजाडतंय. पहिलं गिऱ्हाईक गल्लीतला बर्फ काढणारा. क्वॉडच्या पुढे लोखंडी फाळ बसवलेला, तो वर-खाली करायला विंच. तक्रार: सेल्फ मारला की नुसती टकटक.

बॅटरी. थंडीत तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि नेमकं त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्हीकडून मार. बॅटरीवर सीसीए म्हणून एक आकडा छापलेला असतो: उणे १८ अंशांना, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, तीस सेकंद किती अँपिअर देता येतील. विकत घेताना लोक रंग बघतात, आकडा बघत नाहीत.

याच्या बॅटरीत दोष नव्हता. दोष कामाच्या पद्धतीत होता. फाळ दर दोन मिनिटांनी उचलायचा, म्हणजे विंच सतत करंट ओढणार. गाडी कमी वेगात, इंजिन जेमतेम फिरतंय, चार्जिंग नावापुरतं. वर हँडलच्या मुठी गरम करायचे हीटर चालू. तासाभराच्या कामात बॅटरी भरण्याऐवजी उतरत जाते. रात्री तीच उतरलेली बॅटरी बाहेर. भरलेल्या बॅटरीतलं ऍसिड इथल्या कुठल्याच रात्री गोठणार नाही, पण उतरलेल्या बॅटरीत ऍसिडचं जवळजवळ पाणी झालेलं असतं आणि ते उणे सात-आठलाच गोठतं. डबा फुगतो, प्लेटा वाकतात. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावायचा नसतो, ती फुटू शकते. आधी उबेला ठेवून वितळू द्यायची, मग तपासायची.

त्याला सांगितलं, रोज रात्री बॅटरी छोट्या चार्जरवर लाव, आणि फाळ उचलताना इंजिनाचा वेग थोडा वाढव. तो म्हणाला, "काल चव्वेचाळीस होतं ना, म्हणून."

साडेनऊ

आता आलेली गाडी बघण्यासारखी आहे. मालकीण निवृत्त शिक्षिका, गावाबाहेर एकट्या राहतात. गाडी दहा वर्षांची, पण सीटवर एक ओरखडा नाही. इंजिनाखाली मात्र ऑइलचा ओघळ.

"मी फार जपते हो तिला," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी दहा मिनिटं चालू करते. जागेवरच. तब्येत चांगली राहावी म्हणून."

डिपस्टिक काढली. टोकाला पिवळसर, लोण्यासारखा फेस. ऑइल भरायच्या झाकणाखालीही तोच.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो, त्याचं पाणी. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत गाडीमागे जो पांढरा लोट दिसतो तो हाच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली क्रँककेसमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर तिथूनही ती उडून जाते. उणे तीसमध्ये जागेवर दहा मिनिटं चालवलेल्या इंजिनाचं ऑइल जेमतेम कोमट होतं. वाफ थंड लोखंडावर बसते, ऑइलमध्ये मिसळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा थोडं पाणी. बाईंनी सबंध महिनाभर मोठ्या निष्ठेने आपल्या गाडीला पाणी पाजलं होतं.

आणि ओघळ? क्रँककेसमधला वायू बाहेर जायला एक श्वासनळी असते, ब्रीदर. तिच्यातून ओलसर वाफ जाते. नळीत कुठे खोलगट वळण असेल तर तिथे थेंब साचतो, गोठतो, आणि एके दिवशी नळी बंद. आतला दाब कुठूनतरी वाट काढणारच. त्याने सगळ्यांत कच्चं सील ढकललं आणि ऑइल बाहेर आलं. नळी काढून हातात घेतली तर आत बोटभर बर्फाची कांडी.

ऑइल, फिल्टर, सील बदललं. नळी वळण न देता, इंजिनाच्या उबेजवळून नव्याने बांधली. नवं ऑइल ०डब्ल्यू-४०, सिंथेटिक. सांगलीत आम्ही डोळे मिटून २०डब्ल्यू-४० ओततो आणि तिथे ते बरोबरच आहे. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. २०डब्ल्यूची पंपातून वाहण्याची परीक्षा उणे वीसला घेतात, ०डब्ल्यूची उणे चाळीसला. अप्पांचा आवडता डबा इथे उघडला तर ऑइल चमच्याने काढावं लागेल.

बाईंना काय सांगायचं, हा अवघड भाग. शेवटी म्हणालो, "रोज नको. आठवड्यातून एकदा काढा, पण अर्धा-पाऊण तास नीट फिरवा, इंजिन पुरतं तापू द्या. तेवढं बाहेर पडवत नसेल तर अजिबात चालू करू नका." त्यांचा चेहरा पडला. रोजच्या दहा मिनिटांत त्यांना गाडीशिवाय आणखीही काही मिळत असावं. मग म्हणाल्या, "रविवारी चर्चला घेऊन जाईन." ते उत्तम. चर्च लांब आहे.

अकरा

किरकोळ कामं. टायरची हवा: क्वॉडच्या टायरमध्ये मुळात पाच-सात पीएसआय असते, हिवाळ्यात आपोआप उतरते, आणि गरम गॅरेजात भरून दिली तर बाहेर जाताच पुन्हा कमी. म्हणून हवा बाहेर, थंडीतच मोजायची. एका एअर बॉक्समध्ये उंदराचं घरटं, सीटच्या स्पंजचं, ऐसपैस. काढून टाकलं.

एकाने "कडक थंडी आहे" म्हणून रेडिएटरमध्ये निव्वळ ग्लायकॉल भरलेलं. या सबंध धंद्यात पाण्याची बाजू घ्यायची ही एकच जागा. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे तेरालाच गोठतं. निम्मं पाणी घातलं की मिश्रण उणे सदतीसपर्यंत टिकतं, साठ टक्के ग्लायकॉल ठेवलं तर आणखी बरंच खाली. मोजणीच्या भिंगाखाली थेंब ठेवून मी त्याला आकडा दाखवला. तो भिंगच खराब आहे म्हणाला.

आणि हो, उणे तीसमध्येही इंजिन उकळतं. पुढे फाळ उंच धरून लांब चाललात तर रेडिएटरला वारा मिळत नाही, त्यात जाळीवर उडालेला बर्फ थापून बसतो. गिऱ्हाईक तापमानाचा दिवा बघून म्हणतं, सेन्सर बिघडला. सेन्सर बहुधा खरं बोलत असतो.

साडेबारा

डबा. पोळी-भाजी मायक्रोवेव्हमध्ये, मालकांचं सँडविच स्टोव्हवर. टेबलावर दोन टॉर्क पाने, एक न्यूटन-मीटरचा, एक फूट-पौंडाचा. इथे तापमान सेल्सिअसमध्ये, हवा पीएसआयमध्ये, पेट्रोल लिटरमध्ये आणि म्हाताऱ्यांचं बोलणं फॅरनहाइटमध्ये. मापांची सरमिसळ झाली की मालक खिडकीतून जुन्या हवाई तळाकडे बोट दाखवतात. १९८३ च्या जुलैत एका प्रवासी विमानाचं इंधन भरताना किलो आणि पौंडाचा घोळ झाला, हवेतच टाक्या रिकाम्या झाल्या, आणि वैमानिकांनी ते अवजड विमान दोन्ही इंजिनं बंद असताना गिमलीच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर उतरवलं. त्या दिवशी तिथे मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या. सगळे वाचले. "आणि तू मला पान्यावरचा आकडा वाचायला आळस करतोस," मालक म्हणतात. मी आळस केलेला नसतो, पण गोष्ट त्यांना सांगायचीच असते.

एक

मासेमाराचा फोन. काठापासून बऱ्याच आत त्याची क्वॉड रुतली. चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवलेली, त्याची पोटापाण्याची गाडी. बर्फाखाली जाळी लावून तो वॉलआय पकडतो. इथले लोक त्या माशाला पिकरेल म्हणतात.

आम्ही जातो ते मालकांच्या जुन्या बॉम्बार्डिएमधून. गोल खिडक्यांची, पुढे स्की आणि मागे पट्टे असलेली ही बर्फावरची बस या सरोवरावरचे कोळी अजून वापरतात. क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिएला बर्फावर चालणाऱ्या यंत्रांचा नाद पोरवयापासूनचा. १९३४ च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद असताना त्याचा दोन वर्षांचा मुलगा दवाखान्यात नेता आला नाही आणि दगावला. १९३७ मध्ये त्याने आपल्या दातेरी चाक-पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळवलं, आणि अशा बसगाड्या डॉक्टर, पोस्टमन, शाळेची मुलं यांना घेऊन बर्फावरून धावू लागल्या. पुढे १९५९ मध्ये त्याचीच स्की-डू आली. आजच्या क्वॉडच्या पट्ट्यांची वंशावळ तिथे जाऊन मिळते.

सरोवरावर बर्फ माझ्या कमरेएवढा जाड. तो फुटायची भीती नाही. भानगड वर आहे. ताज्या हिमाच्या वजनाने बर्फाची लादी दबते, भेगांतून पाणी वर येतं, आणि वरच्या हिमाची गोधडी त्याला गोठू देत नाही. दिसायला पांढरं कोरडं मैदान, पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. मासेमार त्यात शिरला, थांबला, पट्ट्यांत ओला लगदा भरला, आणि तो उपसेपर्यंत सगळं घट्ट झालं.

त्याने इंजिन चालू ठेवून ऍक्सिलरेटर दाबून पाहिला होता. रबर जळाल्याचा वास येत होता. या गाड्यांना गिअरबॉक्सआधी एक रबरी बेल्ट असतो, दोन शंकूच्या पुल्यांवर फिरणारा. थंडीत तो कडक होतो, आणि त्याच्या पेटीत पाणी शिरून गोठलं तर पुलीला चिकटून बसतो. चाकं जाम असताना इंजिनाने जोर लावला की बेल्ट एकाच जागी घासून जळतो. मी आधी इंजिन बंद केलं. मग ताडपत्री टाकून तंबू केला, आत प्रोपेनचा हीटर, एक बाजू हवेसाठी उघडी. पट्ट्यांतला लगदा लोखंडी सळीने खरवडायचा. हातोड्याने नाही, या थंडीत प्लास्टिकचं कव्हर बिस्किटागत तुटतं. बेल्टच्या पेटीच्या तळाचा बूच काढला. थेंब नाही. तोंडाशी बर्फ. अर्ध्या तासाने पाणी आलं, चांगलं कपभर.

चालू करण्याआधी एक गोष्ट मी सगळ्यांना करायला लावतो. बंद गाडीचा ऍक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि सोडायचा. टक्कन परत यायला हवा. केबलीत शिरलेला थेंब गोठला तर तो दाबलेलाच राहतो, आणि मग गाडी माणसाला घेऊन कुठे जाईल ते सांगता येत नाही. याचा सावकाश, कुरकुरत परत आला. केबल उबेला धरून, आत वंगण सोडून पुन्हा पाहिला. आता टक्कन. मग कमी गिअर, हलका अंगठा, पुढे-मागे, पुढे-मागे. सुटली.

"झालं तर," तो म्हणाला. "मी जाळी उचलून येतो."

मालकांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो बॉम्बार्डिएत चढला आणि त्याची क्वॉड मागे दोरीला बांधली.

साडेचार

सूर्य कलला. क्वॉड आतल्या खोलीत, चारही पट्टे जमिनीवरून उचललेले. अधूनमधून हाताने फिरवतो, म्हणजे दातेऱ्यांतलं पाणी झडतं. बेल्ट एका बाजूला चकाकतोय, एक पट्टी जळून खोलगट झालीय. डिफरन्शियलचं ऑइल सोडलं, त्यातही दुधाळ रंग. टाकीत आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली ओतली. पेट्रोल इथल्या थंडीत गोठत नाही, त्यातला पाण्याचा अंश गोठतो आणि फिल्टर अडवतो. अल्कोहोल त्याला स्वतःत मिसळून जळायला नेतं.

सहा

बिलावरून बोलाचाली. मासेमार एका ओळीवर बोट ठेवतो: "वाळवणे, दोन तास." म्हणतो, "दोन तास गाडी नुसती उभी होती. उभं राहण्याचे पैसे?"

"खोलीची ऊब माझी," मालक म्हणतात. "ती फुकट नसते."

"मग मी घरी वाळवतो. माझ्या गॅरेजात चार अंश असतात, शून्याच्या वर."

चार अंश ही सगळ्यांत वाईट जागा आहे. बर्फ वितळतो, पण पाणी वाळत नाही. ते निवांतपणे ब्रेकात, केबलीत, बेअरिंगांत उतरतं, आणि पहाटे बाहेर काढली की तिथेच गोठतं. याहून बाहेर उणे तीसमध्ये ठेवलेली बरी, निदान बर्फ जिथे आहे तिथे राहील. मी हे सगळं त्याला सांगितलं. त्याने ऐकलं, मान हलवली, आणि विचारलं, मग पहाटे पाचला मिळेल का?

पाचला नाही, सातला, मालक म्हणाले. तोवर ती इथेच, वीस अंशांत. ट्रेलरवर चढवल्यावर पट्ट्यांखाली फळ्या टाक, म्हणजे खाली चिकटणार नाहीत.

वाळवण्याचे पैसे त्याने कुरकुरत निम्मे दिले. जळका बेल्ट आणखी हंगामभर चालेल असं त्याचं म्हणणं होतं. मी तो वाकवून त्यातली भेग दाखवली, मग नवा घेतला. उधारीवर.